चेकोस्लोवाक सिनेमातला ज्यूंचा छळ (१९४९-६९)

दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांचं जे झालं ते चेकोस्लोवाकियात कम्युनिस्ट राजवटीत पडद्यावर कसं आलं आणि कसं अडवलं गेलं, त्याची ही नोंद. सिनेमा १९४५ पासूनच सरकारी मालकीचा होता, म्हणजे पैसा सरकारचा, स्टुडिओ सरकारचा आणि शेवटचा शब्द पण सरकारचाच. सरकारी इतिहासात मेलेले सगळे सरसकट 'फॅसिझमचे बळी', ज्यूंना ज्यू म्हणूनच मारलं हे मोठ्याने बोलायचं नाही.

तरी आल्फ्रेद रादोकने १९४९ मध्येच 'दालेका त्सेस्ता' (लांबचा प्रवास) काढला. त्याचे वडील तेरेझीन या नाझींच्या ज्यू छावणीत वारले होते आणि शूटिंगही तेरेझीनमध्येच केलं. एका ज्यू डॉक्टर बाईची गोष्ट चाललेली असते, मधेच ती अख्खी फ्रेम आकसून कोपऱ्यात जाते आणि बाकी पडद्यावर नाझींच्या खऱ्या न्यूजरील सुरू होतात. घरातलं दुःख कोपऱ्यात आणि इतिहास पडदाभर, हे मला आजही थक्क करतं. सिनेमा लवकरच डब्यात गेला. १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्याच बड्या नेत्यांवर चालवलेल्या दिखाऊ खटल्यात, तर १४ पैकी ११ आरोपी ज्यू होते, मग पुढची काही वर्षं हा विषय कोण काढणार?

साठच्या दशकात पकड सैल झाली. यान नेमेत्सच्या 'देमान्ती नोत्सी' (रात्रीचे हिरे, १९६४) मध्ये छावणीकडे नेणाऱ्या ट्रेनमधून पळालेली दोन पोरं नुसती धावत असतात, संवाद जवळजवळ नाहीतच.

पण सगळ्यात खोल जातो तो कादार आणि क्लोस या दिग्दर्शक जोडीचा 'ओबखोद ना कोर्झे' (मुख्य रस्त्यावरचं दुकान, १९६५). काळ १९४२, स्लोवाकिया. हे राज्य हिटलरच्या बाजूचं, हद्दपार केलेल्या दर ज्यूमागे त्याने जर्मनीला ५०० राइशमार्क द्यायचं कबूल केलं होतं. तोनो नावाच्या साध्या सुताराला एका ज्यू म्हातारीचं बटणांचं दुकान 'आर्य मालक' म्हणून मिळतं, म्हणजे ज्यूंकडून काढून बिगरज्यूच्या हाती दिलेलं. म्हातारीला नीट ऐकू येत नाही, तिला वाटतं हा मदतीला ठेवलेला माणूस आहे. दुकानात विकण्यासारखं फारसं काही नाहीच, उलट गावातले ज्यूच गुपचूप तोनोला पगार देतात म्हणजे तो गप्प राहील. इथे जर्मन सैनिक गुन्हेगार नाहीत, मेव्हणा आहे, शेजारी आहेत, आणि भेदरून दारू पिणारा तोनो स्वतः आहे. सरकारी साच्यात न बसणारी गोष्ट ती हीच. सिनेमाला ऑस्कर मिळालं, म्हातारीचं काम केलेल्या इडा कामिन्स्काला नामांकन. कादारचे स्वतःचे आईवडील आणि बहीण ऑश्विट्झमध्ये मारले गेले होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये ही मोकळीक मोडायला सोव्हिएत रणगाडे आले. लहानपणी छळछावणीतून वाचलेल्या युराय हेर्झचा 'स्पालोवाच म्र्त्वोल' (प्रेतं जाळणारा) १९६९ मध्ये आला आणि नंतर तोही कपाटात गेला. कादार अमेरिकेला गेला, रादोक स्वीडनला. रादोक १९७६ मध्ये व्हिएन्नात वारला, त्याचा सिनेमा लोकांच्या घरापर्यंत पोचला तो राजवट पडल्यावरच.