अंदमान आणि लक्षद्वीप: एक डोंगर, एक पोवळं

"दसऱ्याच्या सुट्टीला अंदमान नाहीतर लक्षद्वीप, दोन्हीतलं कुठलंतरी एक करूया की." आमच्या बेळगावकडं टिळकवाडीत, शहापुरात, खानापुरात, कुठंही सहलीचा विषय निघाला की हे वाक्य कानावर येतं. मी दोन्हीकडं जाऊन आलोय. त्यातलं 'कुठलंतरी' मला पटत नाही. नारळ, पांढरी वाळू आणि निळं पाणी फोटोत सारखंच दिसतं. पायाखालची जमीन मात्र अगदी वेगळी आहे, आणि पुढचं सगळं त्या जमिनीवरच ठरतं.

अंदमान बंगालच्या उपसागरात. म्यानमारमधली आराकान डोंगररांग समुद्राखालून पुढं आली आहे, तिचे पाण्यावर राहिलेले माथे म्हणजे ही बेटं. उत्तर अंदमानातलं सॅडल पीक सुमारे 730 मीटर उंच आहे. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना तिथली दाट झाडी परकी वाटणार नाही.

लक्षद्वीप अरबी समुद्रात. तिथं डोंगर नाहीच. समुद्रात बुडालेल्या जुन्या डोंगरांवर पोवळ्यांनी लाखो वर्षं थर चढवले, त्याचं बांगडीसारखं कडं तयार झालं आणि कड्यावर वाळू साठून बेटं झाली. बेटं 36, वस्ती फक्त 10 बेटांवर, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. अंदमान-निकोबार आठ हजारांच्या वर जातं.

या कड्यामुळं समुद्राचा स्वभावच बदलतो. लक्षद्वीपला लाट बाहेर कड्यावर फुटते आणि आत लगूनचं, म्हणजे कड्यानं वेढलेलं उथळ पाणी तळ्यासारखं निवांत राहतं. ज्यांना पोहता येत नाही, त्यांनीही लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात उभं राहून रंगीत मासे बघावेत. माझ्या आईनं सत्तरीत ते केलं. अंदमानात, हॅवलॉक बेटाच्या (2018 पासून स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्यावर खऱ्या लाटा अंगावर येतात. हे राधानगर, आपल्या कोल्हापूरकडचं राधानगरी नव्हे. बुकिंग करताना घोळ होतो. अंदमानच्या खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून मगरीचा फलक असेल तिथं पाण्यात पाऊलही टाकू नये.

राहण्याचंही मूळ जमिनीतच आहे. पोवळ्याच्या बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसला की विहिरी खारट होतात. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, तो याचसाठी. एवढ्याशा जमिनीवर रिसॉर्टची रांग परवडत नाही. भारतीय पर्यटकालाही आधी प्रवेशपरवाना काढावा लागतो. प्रशासनाच्या 'समुद्रम' सहलीत तर मुक्काम जहाजावरच असतो, बेटं दिवसा बघायची. दारू बंगारम बेट सोडून कुठं मिळत नाही. हॅवलॉकला साध्या झोपडीपासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सगळं आहे आणि तिथं जायला आपल्याला परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव भागात मात्र प्रवेश नाही, आणि जारवा लोकांचे फोटो काढणं गुन्हा आहे.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे लोक तिथंच फसतात. हॅवलॉकवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर ही गावांची नावं त्यांचीच. त्यामुळं बाजारातल्या साध्या खानावळीत भाताबरोबर मोहरीच्या तेलातला माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा येतो. आपल्या खोबऱ्याच्या कालवणाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या दिवशी मोहरी झोंबते. दुसऱ्या दिवशी मी तोच झोल मागून घेतला. रिसॉर्टच्या बुफेतलं पनीर बेळगावातही मिळतं, ते खाण्यासाठी एवढा समुद्र कशाला ओलांडायचा?

लक्षद्वीपचं जेवण मलबारच्या वळणाचं: नारळ, भात आणि ट्यूना, ज्याला आपल्या कोकणात कुपा म्हणतात. तिथं तो जाळ्यानं नव्हे, गळानं एकेक करून पकडतात. उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवलेल्या ट्यूनाला 'मास' म्हणतात, आणि त्याचा नारळाबरोबरचा प्रकार मी अजून विसरलेलो नाही. भाजीपाला बहुतेक मुख्य भूमीवरून जहाजानं येतो. घरात कुणी शाकाहारी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा, तिथं पोचल्यावर नको.

आता दसऱ्याचं. महाराष्ट्रातल्या पोरांना दिवाळीची सुट्टी, आपल्या पोरांना कर्नाटकाच्या वेळापत्रकानं ऑक्टोबरात दसऱ्याची. अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरही भिजका. आम्ही एकदा दसऱ्यातच गेलो, वाऱ्यामुळं बोट रद्द झाली आणि दोन दिवस खिडकीतून पाऊस बघत बसलो. त्या सुट्टीत जायचंच असेल तर लक्षद्वीप बघा. पावसाळा सरून समुद्र निवू लागलेला असतो. एप्रिलच्या सुट्टीत दोन्ही चालतात. लक्षद्वीपला जायला बेळगावहून पूर्णा एक्सप्रेसनं एर्नाकुलम, पुढं कोचीहून जहाज किंवा अगत्ती बेटाचं विमान.

मराठी माणूस अंदमानला सेल्युलर जेलसाठी जातोच, जावंही. सावरकर 1911 ते 1921 तिथं होते. सात भुजांपैकी तीन आज उभ्या आहेत. लक्षद्वीपशीही आपला एक धागा आहे. राज्यांच्या पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ती 1 नोव्हेंबर 1956 ही तारीख सीमाभागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याच दिवशी लक्षद्वीप केंद्रशासित झालं, आणि तोवर मंगळूरकडच्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यात असलेली अमिनी, कदमत ही बेटं त्यात गेली. कदमतच्या वाळूत बसून मला ते आठवत राहिलं.

लक्षद्वीपला सूर्य साधारण बेळगावच्याच वेळेला मावळतो. अंदमान इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारू लागतं. राधानगरचा सूर्यास्त बघायचा असेल तर दुपारी झोपू नका, चारला वाळूवर हजर राहा.