हार्ड डिस्कचा आवाज व त्याचा शोध

डेस्कटॉप संगणकातून सतत येणारी घरघर, कटकट किंवा बारीक शिटी नेमकी कुठून निघते आणि कशातून वाढते, हे शोधण्याची पद्धत. पुष्कळदा दोष हार्ड डिस्कवर येतो. पण डिस्क फक्त थरथरते आणि मोठा आवाज कॅबिनेटचा पत्रा करतो.

डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या सहसा मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२० किंवा ९०. त्यातून तेवढ्याच हर्ट्झची खर्जातली घरघर निघते. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो. हे सूर इतके जवळचे की कान सहज फसतो. जवळजवळ सारख्या वेगाच्या दोन डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असल्या, तर घरघर लाटेसारखी चढते आणि उतरते. जवळजवळ सारख्या वेगाच्या दोन पंख्यांतूनही अशी लय निघू शकते, म्हणून केवळ या खुणेवर विसंबू नये. कटकट वेगळी: माहिती शोधताना वाचणारी शीर्षे झपाट्याने जागा बदलतात, त्याचा तो आवाज. जुन्या डिस्कमध्ये छऱ्यांचे बेअरिंग असे आणि ते झिजले की शिटी वाजे. नंतर द्रव बेअरिंग आल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

शोधाची सुरुवात वगळण्याने करावी. संगणक बंद करून प्लग काढावा, डिस्कची पॉवर केबल सोडवावी आणि पुन्हा चालू करावा. विंडोज सुरू होणार नाही, पण पडद्यावर बायोस (विंडोजच्या आधी दिसणारा संगणकाचा प्राथमिक पडदा) दिसले तरी पुरे. आवाज तसाच राहिला तर डिस्क निर्दोष. मग कॅबिनेटचा पंखा, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), यूपीएस असे एकेक पाहावे. प्रोसेसरवरचा पंखा मात्र कधीही सोडवू नये. आवाज थांबला, तर केबल जोडून बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहावे. घरघर दबली तर पत्रा दोषी. याहून पक्की परीक्षा म्हणजे संगणक बंद असताना डिस्क खाचेतून काढून, केबल जोडलेली ठेवून, घडी केलेल्या जाड कापडावर ठेवायची आणि मगच वीज द्यायची. फिरणारी डिस्क हलवू नये.

गोव्यात या तपासात स्क्रूंकडे विशेष लक्ष द्यावे लागते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत ते गंजतात आणि डिस्कची पकड ढिली पडते. शिवाय असेंबल केलेल्या पीसीत डीव्हीडी ड्राइव्हचे एम-३ स्क्रू हार्ड डिस्कला लावलेले आढळतात. साडेतीन इंची डिस्कच्या भोकांना ६-३२ मापाचे, जरा जाड स्क्रू लागतात. एम-३ तिथे नुसते अडकून राहतात आणि डिस्क थरथरू लागते. योग्य स्क्रू, त्यांखाली रबरी वॉशर आणि कॅबिनेट पोकळ लाकडी मेजावरून काढून फरशीवर रबरी पायांवर, एवढ्याने बहुतेक घरघर शमते. डिस्कवरचे हवेचे बारीक भोक मात्र रबराने किंवा टेपने झाकू नये. काही जुन्या डिस्कमध्ये शीर्षांची चाल मंद करून कटकट कमी करण्याची सोयही असते. तिचे मूल्य १२८ ठेवले की डिस्क सर्वांत शांत, २५४ ठेवले की सर्वांत वेगवान.

आवाज अचानक बदलला असेल, विशेषतः ठरावीक अंतराने टक्-टक् होत डिस्क थांबून पुन्हा फिरू लागत असेल, तर स्क्रूंच्या मागे लागू नये. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि प्रत्येक वेळी डिस्कला शीर्षे घाईने जागेवर न्यावी लागतात. एरवीपेक्षा ही क्रिया कठोर असते. टक्-टक् सुरू झाली की देवस्थानचे हिशेब असोत, भजनाची ध्वनिमुद्रणे असोत की नाटकाची संहिता, आधी सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या) पाहाव्यात: ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी५ (संशयित जागा) या ओळींतील कच्चे आकडे (रॉ व्हॅल्यू) शून्याहून जास्त असून वाढत असतील, तर डिस्क बदलणेच योग्य.

टकटकणारी डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा घरगुती उपाय अजूनही सांगितला जातो. तो करू नये. थंड डिस्क गोव्याच्या दमट हवेत बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, आणि हवेच्या भोकातून आत गेलेली वाफ तबकड्यांवरही दव होऊन साचू शकते.