प्रोटीन जास्त म्हणजे गहू भारी? थांबा जरा

मार्केट यार्डात गहू घेताना हमखास ऐकू येतं, ‘प्रोटीन जास्त, म्हणजे गहू भारी.’ हे अर्धवट खरं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा गव्हाचा वाण घ्या. प्रथिनं तब्बल १४.७ टक्के. तरी त्याचा पाव फुगवायला जाऊ नका! हा बन्सी गहू, शेवया-रव्याचा. कणकेला ताण देणारी काही ग्लुटेनिनं (गव्हातली एक प्रकारची प्रथिनं) ज्या ‘डी’ गुणसूत्रसंचातून येतात, तो त्याच्याकडे नसतोच.

म्हणून पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे, नुसते टक्के मोजत नाहीत, कोणती प्रथिनं आहेत ते बघतात. दाणा आडवा कापायचा. बिनकोंबाचा अर्धा भाग कुटून, साबणासारख्या रसायनात उकळून, त्यातली प्रथिनं जेलमधून विजेच्या जोरावर पळवायची. हलकी पुढे, जड मागे. रंग दिला की निळे पट्टे उमटतात. पट्ट्यांना क्रमांक दिलेले असतात; ‘५+१०’ ही ग्लुटेनिनांची जोडी दिसली तर कणीक सहसा पावाजोगी चिवट, ‘२+१२’ असेल तर मऊ. आणि कोंबाकडचा उरलेला अर्धा दाणा? तो पेरतात, उगवतोही.

यात जनुकांना कुणी हात लावत नाही. तरी ‘म्हणजे जनुक बदललेल्या बीटी कापसासारखंच ना?’ विचारणारे भेटतातच.