कर्मचारी, स्वयंसेवक आणि मधले मानधनवाले

सामाजिक संस्थांसाठीच्या कुठल्याही प्रशिक्षणाचं वेळापत्रक हातात आलं की मी आधी एक गोष्ट बघते: ‘कर्मचारी व स्वयंसेवक व्यवस्थापन’ असं एकत्र सत्र ठेवलंय का. बहुतेक वेळा ठेवलेलं असतं, तेही जेवणानंतरचं. शिकवायला कंपनीच्या एचआरमधून निवृत्त झालेले गृहस्थ, स्लाइडवर ध्येयनिश्चिती, मूल्यमापन, प्रोत्साहन आणि शेवटी एक ओळ: ‘हेच स्वयंसेवकांनाही लागू.’ नाही हो, लागू नाही.

पगारी माणसांचं तुम्हाला ठाऊकच आहे. नेमणूकपत्र, हजेरी, रजा, वार्षिक आढावा, काढायचं झालं तर आधी लेखी समज आणि चौकशी. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी, वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणून यातून आपोआप सूट मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुढे सरकू.

स्वयंसेवकाच्या बाबतीत तुमच्या हातात दोरीच नसते. त्याचा पगार कापता येत नाही, बढती देता येत नाही. तो राजीनामाही देत नाही, फक्त यायचा थांबतो. कर्मचाऱ्याची नाराजी तक्रारीतून कळते, स्वयंसेवकाची व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या शांततेतून, आणि ती कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून इथलं सगळं व्यवस्थापन माणूस येण्याआधी करायचं असतं: नेमकं काम काय, किती दिवस, आल्यावर कोणाला भेटायचं. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर असा हिशेब असतो. त्या तासांचं कॉलेजात काय होतं ते आपण सगळे जाणतो, पण कामाला शेवट आहे हे त्यात पहिल्या दिवशी ठरलेलं असतं. ‘जमेल तसं या’ म्हणणाऱ्या संस्थांना तो मनाचा मोठेपणा वाटतो. मग वर्षभराने त्याच म्हणतात, हल्लीची मुलं टिकत नाहीत. ‘तीन रविवार, वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद’ असं सांगून बघा. प्रमाणपत्रं वाटणं मात्र थांबवा. प्रमाणपत्रासाठी आलेला माणूस प्रमाणपत्र मिळेपर्यंतच थांबतो.

इथवर कोणी फारसं अडखळत नाही. खरा घोळ या दोघांच्या मधल्या माणसापाशी आहे. प्रत्येक संस्थेत तो असतो. बहुतेकदा तो नव्हे, ती. सकाळी दहाला येते, संध्याकाळी सहाला जाते, गावभेटी करते, नोंदवह्या भरते आणि महिन्याच्या सात तारखेला तिला ठरावीक रक्कम ‘मानधन’ म्हणून मिळते. रजा मागितली तर संस्था म्हणते, आपण कार्यकर्ते आहोत, कामाला सुट्टी नसते. रविवारी मेळाव्याला आली नाही तर तीच संस्था म्हणते, आम्ही पैसे देतो ना? सोयीप्रमाणे ती कधी कर्मचारी असते, कधी स्वयंसेविका. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य ज्या बैठकीत जास्त वेळा येतं, तिथे अशी माणसंही जास्त असतात, हे माझं निरीक्षण.

ही रेषा न्यायालयांनीही काढून पाहिली आहे. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या 1978 च्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांसमोर कामगार कायद्याच्या दृष्टीने ‘उद्योग’ कशाला म्हणायचं हा प्रश्न होता. त्यात धर्मादाय संस्थांचीही चर्चा झाली. लाभार्थ्यांना सेवा फुकट मिळते म्हणून संस्था उद्योगाच्या बाहेर जात नाही, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी मांडलं. तिथे राबणारी माणसं पगारावर राबतात की त्या कामाच्या ओढीने, याला त्यांनी वजन दिलं. पुढे 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय कामातल्या संस्थांना ‘उद्योग’च्या व्याख्येबाहेर काढलं, त्यामुळे निकालाचा तो भाग आता तसाच लावता येत नाही. पण विश्वस्तांना शिकवायला ही विभागणी आजही उत्तम आहे. लाभार्थ्याला काय मिळतं हे सांगताना ते थकत नाहीत. काम करणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न आला की सभेची वेळ संपते.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. अंगणवाडी सेविकांना सरकार वर्षानुवर्षं मानधन देत आलं. त्यांच्या ग्रॅच्युइटीचं गुजरातमधलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल 2022 मध्ये न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने निकाल दिला: सेविका आणि मदतनीस दोघीही 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली हक्कदार आहेत, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. ज्या लेखापालांना वाटतं की व्हाउचरवर ‘मानधन’ लिहिलं की विषय मिटला, त्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

मग ओळखायचं कसं? मी विश्वस्तांना एवढंच विचारते: ती गैरहजर राहिली तर पैसे कापता का? कापत असाल तर तो पगार आहे. दुसरा प्रश्न: ‘या आठवड्यात जमणार नाही’ असं ती कारण न देता म्हणू शकते का? नसेल तर ती स्वयंसेविका नाही. रक्कम किती आहे याने काही ठरत नाही. कमी पगार हा कमीच पगार असतो, त्याची सेवा होत नाही. उलट, एसटीचं तिकीट, जेवण, फोनचा खर्च पावतीप्रमाणे दिला म्हणून कोणी कर्मचारी होत नाही. तो खर्च द्यायलाच हवा. पदरमोड करू शकणाऱ्यांनीच सेवा करावी, अशी व्यवस्था मला मुळीच मान्य नाही.

उत्तर आल्यावर निर्णय दोनच उरतात. एक तर तिला अर्धवेळ का होईना, नेमणूकपत्र द्या, रजा द्या. नाहीतर तिचे तास, हजेरी आणि सक्ती काढून घ्या आणि काम खरोखर तिच्या मर्जीवर सोडा. पैसे नाहीत ही अडचण मला कळते. पण ती देणगीदारासमोर मांडायची अडचण आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात गाडीभाडं पूर्ण आणि माणसांचं मानधन निम्मं, हे मी बघत आलेय.

एका ठिकाणी मात्र दोघांत फरक करायचाच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात स्वेच्छेने, विनामोबदला काम करणारी बाईही कर्मचारी धरली आहे. अशा तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या अंतर्गत समितीचं नाव आणि फोन शिबिराला आलेल्या कॉलेजच्या मुलींनाही पहिल्याच दिवशी कळायला हवा. मुलांसोबत काम असेल तर पोक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार नोंदवण्याची जबाबदारी कोणाचीही असते, तीन रविवारांसाठी आलेल्या मुलाचीसुद्धा. इथे मी स्वयंसेवकाला नकार देण्याच्याही बाजूची आहे. ज्याच्याबद्दल दोन माणसांकडे चौकशी करता आली नाही, त्याला मुलांच्या वसतिगृहात पाठवू नये, मग तो कितीही तळमळीने बोलो.

तेव्हा प्रशिक्षण ठेवणार असाल तर हा सुरक्षिततेचा भाग सगळ्यांना एकत्र द्या. बाकी कर्मचाऱ्यांचा दिवस वेगळा आणि स्वयंसेवक सांभाळणाऱ्यांचा वेगळा. मानधनाच्या सत्राला विश्वस्त आणि लेखापाल दोघांना बसवा, आणि ते सकाळी ठेवा.