फोर-एल म्हणजे डिफ लॉक नव्हे

बार्शी-करमाळ्याकडच्या माळावरून जाणारी गाडीवाट पावसाने कापलेली असते. अशा ओघळीत एखादी जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, तिरकी उतरते, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी गरगरतं, आणि बाजूला उभं असलेलं कुणीतरी हमखास ओरडतं, "अरे फोर-एल टाक, चारही चाकं लॉक होतील!" होत नाहीत. फोर-एल चाकं लॉक करत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की शिकवणारेही तोच पुढे शिकवतात.

टू-एच (दोन चाकांना जोर, नेहमीचा वेग), फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग), फोर-एल (चारही चाकांना जोर, कमी वेग) हे लिव्हरवरचे तीन टप्पे सगळ्यांना माहीत असतात. फोर-एच चालत्या गाडीत पडतो. फोर-एलसाठी गाडी थांबवायची, क्लच दाबायचा, मग लिव्हर. इतकं पुरे.

घोळ पुढे होतो. या लिव्हरने चालणारी गिअरपेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे दोन शाफ्ट एकमेकांना जोडते. दोघांना सारख्याच वेगाने फिरावं लागतं, म्हणजे पुढचं-मागचं नातं पक्कं झालं. डावं-उजवं नातं मात्र प्रत्येक ॲक्सलच्या (चाकांच्या जोडीच्या) डिफरेन्शियलकडे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरकडे असतं, आणि तिथे ट्रान्सफर केसचं काही चालत नाही. साधं, उघडं (लॉक नसलेलं) डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. हे सारखेपणच नडतं. समजा, हवेतलं चाक फिरायला ३० न्यूटन-मीटर पुरतात. मग जमिनीवरच्या जोडीदारालाही साधारण तेवढेच मिळणार, आणि तेवढ्यात गाडी जागची हलत नाही. फोर-एलमध्ये जिम्नीचा टॉर्क जवळपास दुप्पट होतो आणि वेग निम्मा. पण हवेतलं चाक जास्त टॉर्क घेतच नाही. त्याला अडवणारं काही नसेल तर दुप्पट जोर लावायचा कशावर? ते फक्त गरगरणार. पुढे एक चाक हवेत, मागे तिरक्या कोपऱ्यातलं दुसरं हवेत, की दोन्ही ॲक्सल एकदमच निकामी.

डिफ लॉक नेमकं हे सारखं वाटप मोडतो. तो डावा-उजवा अर्धा शाफ्ट एकत्र बांधतो, त्यामुळे जमिनीवरचं चाक पेलेल तेवढा टॉर्क घेऊ शकतं. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक येतात. जिम्नीला कारखान्यातून एकही येत नाही.

मग जिम्नी फोर-एलमध्ये निघते कशी? गैरसमजाचं मूळ इथेच आहे. गरगरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते, त्या चाकाला विरोध मिळतो, आणि तेवढा टॉर्क त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकालाही पोचतो. फोर-एलमध्ये हे काम इंजिनचा जोर न कापता चालतं. काम ब्रेकने केलेलं असतं, श्रेय लिव्हर घेऊन जातो.

म्हणून तिरकं अडकल्यावर फोर-एल, पहिला गिअर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर. ब्रेक पकडताना खालून करकर आवाज येतो. बहुतेक जण नेमका तेव्हाच घाबरून पाय काढतात आणि सगळं वाया जातं. दोन-तीन सेकंद धीर धरा. जुन्या जिप्सीत ही सोय नाही. तिथे डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबून उजव्याने ॲक्सिलरेटर द्यायचा, थोडाफार तोच परिणाम मिळतो. काही जिप्सींच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवून जोडायचा-सोडायचा हब असतो. तो 'लॉक' करणं ही तिसरीच गोष्ट. त्याने चाक फक्त शाफ्टला जोडलं जातं, आणि तो उघडा राहिला तर फोर-एल टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत.

त्यापेक्षा अडकायचंच नाही. ओघळ उथळ असेल तर ती सरळ, काटकोनात पार करा. तिरकं उतरलं की कर्णातले दोन कोपरे उचलले जातात. लहान गाडीचं पुढचं-मागचं नाक आखूड असल्याने तिला सरळ जाणं जमतं. ओघळ खोल असेल आणि बंपर टेकणार असेल, तरच तिरकं. तेही आधी उतरून, चालत बघून.

डिफ लॉक सगळीकडे लावायचा नसतो. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर बांधाकडे कललेल्या पाणंदीत मागचा लॉक लावला, तर दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची मागची बाजू उताराकडे सरकते. उघड्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं सहसा गाडी धरून ठेवतं. शिवाय काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते. तेव्हा कुठलाही लिव्हर उपयोगी नाही, माती वाळेपर्यंत थांबणंच बरं. लॉक लावायचा तो अडथळ्याआधी, चाकं शांत असताना. चाक गरगरत असताना लावला तर दातेच तुटू शकतात.

जैसलमेरच्या वाळूत गणित निराळं. तिथे टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवून वेग टिकवायचा असतो. फोर-एलच्या पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की चाकं स्वतःचा खड्डा खणतात. बऱ्याचदा फोर-एच किंवा फोर-एलचा दुसरा-तिसरा गिअर चांगला. मुरमाच्या वाटेवर हवा २२ पीएसआयच्या आसपास ठेवा, खाली गेलात तर धारदार दगड टायरची बाजू कापतो.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळरानात मात्र चाकोरी सोडून जाऊच नये. माळढोक हा पक्षी घरटं न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. डांबरावर किंवा गावातल्या काँक्रीट रस्त्यावर परत आलात की लिव्हर टू-एचला. कोरड्या, घट्ट रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. शाफ्ट जोडलेले असले की तो ताण दात्यांवर साचतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका, दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, आपोआप सुटतो.