स्पोर्ट्स कारमधील जादा ट्रान्समिशन कूलर

ट्रान्समिशन कूलर म्हणजे गिअरबॉक्समधील तेलाची उष्णता हवेत सोडणारा छोटा रेडिएटर. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत कंपनीने तेल थंड करण्याची काही ना काही सोय केलेलीच असते. त्या सोयीच्या जोडीला मालक बाजारातून घेऊन बसवतो तो जादा कूलर हा या नोंदीचा विषय आहे. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन ताकदीचे आणि बॉनेटखाली जागा अपुरी, त्यामुळे अशा गाड्यांत त्याची गरज लवकर भासते.

गोव्यात मोटरशर्यतीचे कायमस्वरूपी सर्किट नाही. येथे गिअरबॉक्स तापतो तो चोर्ला आणि अनमोड या घाटांत, पर्यटनाच्या हंगामातील किनारी रस्त्यांवर आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराभोवती. म्हणून शर्यतीच्या गाड्यांसाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा उचलून चालत नाही. किती मोठा कूलर घ्यायचा, हा त्या सल्ल्यातला पहिला प्रश्न असतो. गोव्यात त्याआधी तो गाडीत कुठे बसणार आणि खाऱ्या हवेत किती टिकणार, हे पाहावे लागते.

तेल कशामुळे तापते, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात घट्ट जोडणी नसते, मध्ये तेल असते. इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या झोताने गिअरच्या बाजूची पाती फिरतात. दोन्हींच्या फिरण्यात जेवढा फरक, त्या प्रमाणात ताकद तेलातच जिरते आणि तिची उष्णता होते. वेग स्थिरावला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजूंना जखडतो आणि ही घसरण थांबते. तीव्र चढावर, कोंडीत, किंवा पाय सतत दाबत-सोडत गाडी हाणली तर तो क्लच वारंवार सुटतो. १०० किलोवॉट ताकद जात असताना १५ टक्के जरी तेलात जिरली, तरी ती १५ किलोवॉट उष्णता झाली. दोन किलोवॉटचे सात गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे.

चोर्ला घाटाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. साखळी-डिचोलीकडची मंडळी बाजारहाटासाठी बेळगावला याच वाटेने जातात. केरी सोडल्यावर रस्ता वळणे घेत सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत चढतो. १,७०० किलो वजनाची गाडी एवढी वर न्यायला, हवेचा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला तरी, १ कोटी ३० लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. कन्व्हर्टरमध्ये त्यातली दहा टक्के हरवली तर सुमारे १३ लाख ज्यूल तेलात उतरतात. नऊ लिटर तेल तेवढ्याने जवळजवळ ८५ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचे धातूचे अंग आणि कंपनीचा कूलर यातला मोठा वाटा उचलतात, शिवाय नव्या गाड्यांचा लॉक-अप चढावरही बराच वेळ लागलेला राहतो. पण पायथ्याशी येईपर्यंत तेल आधीच ९५ अंशांवर असेल तर हाती फारसे अंतर उरत नाही.

गिअरबॉक्सच्या तेलाला साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस मानवते. त्यापुढे तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ऑटोमॅटिक दुरुस्त करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. ११५ अंशांच्या सुमारास जुन्या धर्तीच्या खनिज तेलाचा चिकट थर वाल्व्हवर बसू लागतो, १२७ च्या आसपास रबरी सील कडक होतात आणि १४५ च्या पुढे क्लचच्या चकत्या घसरून जळतात. सिंथेटिक तेल यापेक्षा बरेच तग धरते. नवे तेल अनेकदा लालसर असते. ते तपकिरी होऊन करपल्याचा वास येऊ लागला तर उष्णतेने आपले काम आधीच केलेले असते. त्या अवस्थेत नुसता कूलर लावून गिअरबॉक्स सुधारत नाही.

कूलर कोणाला हवा, हे गिअरबॉक्सच्या जातीवर ठरते. कन्व्हर्टरवाल्या गाड्यांना त्याचा थेट उपयोग होतो. २०१६ मध्ये भारतात आलेली पाच लिटर व्ही-८ इंजिनाची फोर्ड मस्टँग सहा गिअरच्या अशाच ऑटोमॅटिकची होती. तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचच्या (दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात अशा) गाड्यांनाही फायदा होतो. निसान जीटी-आरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ असतो; तेथे समोरची हवा सहज पोचत नाही, म्हणून ट्रॅकवर नेणारे मालक जादा कूलर लावतात. त्या गाडीच्या पडद्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दिसते, ही मोठी सोय आहे. याउलट २०२० पूर्वीच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा दुहेरी क्लच कोरडा आहे. तो कोंडीत तापतो हे खरे, पण त्याच्या चकत्या तेलात नसतातच, तेव्हा तेलाचा कूलर लावून त्यांना काहीही थंडावा मिळत नाही. या गाडीच्या मालकाला कोणी कूलर विकत असेल तर पैसे वाचवावेत. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल बाहेर फिरवणारा पंप सहसा नसतो. कूलरसाठी वेगळा विजेचा पंप, त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि गाळणी असा सगळा संसार उभा करावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीला त्याची जरुरी क्वचितच पडते.

म्हणून पहिली खरेदी कूलरची नसावी, तापमान मोजण्याची असावी. गाडीच्या निदान-सॉकेटला लागणारे छोटे यंत्र बऱ्याच गाड्यांत गिअर तेलाचे तापमान मोबाइलवर दाखवते. एप्रिल-मेच्या दुपारी एसी चालू ठेवून घाट चढावा आणि नंतर किनारी रस्त्यावरच्या कोंडीत शिरावे. दोन्हीकडे आकडा १०० च्या खाली राहिला तर कूलरची गरज नाही. फक्त कोंडीत चढत असेल, तर कूलर मोठा घेऊन भागणार नाही, त्याला स्वतःचा पंखा लागेल. गाडी उभी असताना जाळीवर वाराच येत नाही.

कंपनीची मूळ व्यवस्था पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत दडलेली असते. गिअरबॉक्सचे तेल तेथे इंजिनाच्या पाण्याला उष्णता देते, आणि सकाळी गाडी गार असताना त्याच पाण्याकडून घेतेही. ही सोय पूर्ण तोडून सगळे तेल नव्या कूलरमधून फिरवावे, असे सांगणारे बरेच भेटतात. गोव्यात जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तेल गोठल्यासारखे घट्ट होण्याची भीती येथे नाही. तरीही पणजी ते म्हापसा एवढ्या छोट्या फेऱ्यांत, विशेषतः पावसात, तेल कामाच्या उबेपर्यंत पोचायला हवे. दमट हवेतून शिरलेली वाफ गरम तेलातूनच बाहेर पडते. त्यामुळे मूळ कूलर ठेवून त्याच्यापुढे नवा जोडणे हा चांगला मार्ग आहे: तेल गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे, तेथून नव्या कूलरकडे आणि मग परत. सोबत ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट बसवला की गार तेल कूलरला वळसा घालून जाते. मूळ सोय तोडण्याचे एकच पटणारे कारण आहे: जुना रेडिएटर आतून फुटला तर पाणी आणि तेल मिसळून गुलाबी दुधासारखा लगदा होतो, आणि कूलंटमधील, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातील, ग्लायकॉल हे रसायन क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर सोडवते. पण त्यावर नवा रेडिएटर हा उपाय अधिक सरळ आहे.

कूलर मुख्यतः तीन बांधणींचे मिळतात. एकच नळी वळवून तिच्यावर पत्र्याच्या पात्या लावलेला स्वस्त पण सर्वांत कमी कामाचा. चपट्या पट्ट्या आणि पात्यांचा मधला. एकावर एक प्लेटा रचलेला सर्वांत कार्यक्षम, आणि त्यात घट्ट तेलाला वाटही सहज मिळते. स्पोर्ट्स कारसाठी तिसराच घ्यावा.

जागा शोधण्यात खरा कस लागतो. सर्वांत पुढे, एसीच्या कंडेन्सरसमोर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर), हवा ताजी मिळते. तेथे कूलर आडवा आला की एसी किंचित मंदावतो. कंडेन्सरच्या मागे ठेवला तर त्याला तापलेली हवा मिळते, आणि गोव्यात एसी बंद असलेला दिवस विरळाच. बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीपुढे स्वतःच्या हवामार्गासह आणि पंख्यासह बसवणे मेहनतीचे असले तरी दोन्ही अडचणी टाळते. जागा करण्यासाठी बंपरमागची टक्कर झेलणारी तुळई कापू नये. तिच्यावर जीव अवलंबून असतो. कूलर रबरी बुशांवर, स्वतःच्या ब्रॅकेटवर उभा असावा. रेडिएटरच्या पात्यांतून प्लास्टिकची पट्टी ओवून तो बांधण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती वाईट आहे: कंपनाने पट्टी घासत राहते आणि एके दिवशी नळीला भोक पडते. तेलाची तोंडे वर किंवा बाजूला ठेवली तर आत हवा अडकत नाही.

होज, म्हणजे तेल नेणारा लवचिक पाइप, गिअर तेलासाठीच बनवलेला हवा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे१५३२ हे त्याचे मानक आहे. पेट्रोलचा साधा पाइप गरम तेलाने फुगतो आणि क्लॅम्पमधून निसटतो. आतला व्यास मूळ वाहिनीपेक्षा कमी नसावा. होज इंजिनाच्या पट्ट्यापासून, पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून दूर न्यावा, पत्र्यातून जातो तेथे रबरी कडे घालावे. गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या वाहिनीत छोटी चुंबकी गाळणी लावली तर लोखंडाची कीस आत शिरत नाही. आधीचा गिअरबॉक्स जळून नवा बसवला असेल, तर जुना कूलर धुऊन भरवशाचा होत नाही, तो बदलावाच.

तेल भरताना गोव्याच्या हवेचा वेगळाच त्रास होतो. अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याची काडी, नसते. इंजिन चालू ठेवून बाजूचा बोल्ट उघडायचा आणि तेल बारीक धारेने बाहेर येऊ लागले की पातळी बरोबर, अशी रीत. ती ठराविक तापमानातच खरी ठरते. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी हे तापमान साधारण ३० ते ५० अंश आहे. मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचे तेलच ३५ अंशांच्या आसपास असते, आणि इंजिन चालू होताच ते वर चढते. मेकॅनिकला थोडाच वेळ मिळतो. म्हणून हे काम सकाळी लवकर, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करावे. नवा कूलर आणि होज यांत मावणारे जादा तेल विसरल्यास पातळी कमी भरते. काही किलोमीटर चालवून, थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री करून, पुन्हा गार करून पातळी तपासावी लागते.

पुढचा शत्रू मीठ. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडू लागतात. कूलर ॲल्युमिनियमचा आणि फिटिंग पितळेचे किंवा स्टीलचे असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज अधिक वेगाने खातो. फिटिंगही ॲल्युमिनियमचे घ्यावे आणि कूलर काळ्या संरक्षक लेपाचा. दुसरीकडे उसगाव, सावर्डे या खाणपट्ट्यातली लाल धूळ दमट हवेत पात्यांमध्ये घट्ट बसते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ती आपोआप धुऊन जाईल असे वाटते. प्रत्यक्षात पावसात ती चिखल होऊन आणखी मुरते. पावसाआधी आणि पाऊस सरल्यावर साध्या पाण्याच्या हलक्या धारेने, मागून पुढच्या दिशेने कूलर धुवावा. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा पात्या आडव्या करतो. समोर बारीक जाळी लावल्यास ट्रकच्या चाकांतून उडणारे खडे अडतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांना मनाई करते. कूलरमुळे इंजिन, इंधन किंवा आसनसंख्या बदलत नाही. पण वॉरंटीत असलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा दावा कंपनी या कारणाने अडवू शकते, तेव्हा बसवण्याआधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. काढलेले जुने तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र असते आणि गोव्यात घरोघरी विहिरी आहेत. गॅरेजच्या मागे ओतलेले तेल पावसाबरोबर तेथपर्यंत उतरू शकते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.