ऑफिसच्या इंटरकॉमवर स्पीड डायल आणि कॉल लॉक: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोंढ्यातली आडत असो, एमआयडीसीतलं युनिट असो, पतसंस्था असो की दवाखाना, ईपीएबीएक्स (ऑफिसातले सगळे फोन जोडणारा इंटरकॉमचा बॉक्स) बसवला की पहिली मागणी ठरलेली असते: "सगळ्या फोनवरून बाहेर कॉल लागू देऊ नका." मग थोड्याच दिवसांत दुसरी मागणी येते: "गोदामातून ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लागत नाही, लॉक काढून टाका." लॉक काढायची गरज नसते. लॉक घट्ट ठेवा आणि रोज लागणारे नंबर कॉमन स्पीड डायलमध्ये (आखूड क्रमांकाने नंबर लावण्याची, सगळ्या फोनसाठीची यादी) भरा. बहुतेक यंत्रणांत कॉमन स्पीड डायलचा नंबर लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. ही सवलत चालू-बंद करता येते आणि आम्ही ती चालू करून देतो. या दोन सोयींची सेटिंग एकत्र विचार करूनच करायची असते, म्हणून दोन्हींची माहिती एकाच पत्रकात दिली आहे.

लॉक कशासाठी

आता बऱ्याच प्लॅनमध्ये देशभर बोलणं अमर्याद असतं, मग लॉक कशाला, असं ग्राहक विचारतात. बिल हे एकच कारण नाही. बाहेरच्या लाइन दोन आणि आत चौदा फोन असतील, तर सौद्याच्या वेळी दोघे जण गप्पा मारत बसले की तिसऱ्या माणसाला लाइन मिळत नाही. बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाईकालाही फोन व्यस्तच लागतो. दुसरं कारण आयएसडी. परदेशी कॉल सहसा अमर्याद प्लॅनमध्ये बसत नाहीत, आणि रात्री कोणी यंत्रणेत शिरून असे कॉल केले तर त्याचं बिल तुमच्याच नावावर येतं. परदेशी व्यवहार नसेल तर टेलिफोन कंपनीकडे अर्ज देऊन आयएसडी तिकडूनच बंद करून घ्या. आमच्या बॉक्समधलं लॉक त्याच्या जोडीला असावं, त्याच्या जागी नको.

शून्याचा घोळ

सर्वांत जास्त तक्रारी याच कारणाने येतात, म्हणून हा भाग नीट वाचा. आमच्या मांडणीत बाहेरची लाइन घ्यायला ० दाबायचा आणि ऑपरेटरसाठी ९. त्यातच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना नंबरच्या आधी ० लावावा लागतो. म्हणजे तुमच्या टेबलावरच्या फोनवरून मोबाइल लावायचा तर दोन शून्यं दाबायची: पहिला लाइनसाठी, दुसरा एक्स्चेंजसाठी, मग मोबाइलचे दहा आकडे. एकच शून्य दाबला तर लाइन मिळते, पण 'शून्य लावा' अशी सूचना ऐकू येते. तीन दाबले तर लाइन घेतल्यानंतर ०० जातं, यंत्रणा तो आयएसडी समजते आणि कॉल तोडते.

जुन्या बॉक्समधून स्पीड डायलची यादी जशीच्या तशी उतरवून घेतली असेल तर ती एकदा तपासा. २०२१ च्या आधी भरलेल्या मोबाइल नंबरांत हा दुसरा शून्य नसतो.

याच नियमामुळे लॉकचं जुनं गणितही बदललं. पूर्वी 'शून्याने सुरू होणारं सगळं बंद' एवढं टाकलं की एसटीडी बंद व्हायचं आणि जवळपासचे मोबाइल चालू राहायचे. आता तेच टाकलं तर सगळे मोबाइलही बंद होतात. आकडे मोजून फरक करावा म्हटलं तर तेही जमत नाही. मोबाइल म्हणजे शून्य आणि दहा आकडे, आणि एसटीडी कोडसह लँडलाइन म्हणजेही शून्य आणि दहा आकडेच.

कोणत्या फोनला किती मोकळीक

प्रत्येक एक्स्टेंशनला (आतल्या फोनला) एक पातळी दिलेली असते. आम्ही साधारण पाच ठेवतो. पहिली, फक्त आतल्या आत. दुसरी, त्यात १८०० चे टोल-फ्री नंबर. तिसरी, गावातली लँडलाइन, म्हणजे शून्य न लावता लागणारे नंबर. चौथी, मोबाइल. पाचवी, आयएसडी सोडून सगळं. आयएसडी लागतच असेल तर तो मालकाच्या एका फोनवर आणि तोही कोड टाकून. आपत्कालीन नंबर मात्र प्रत्येक पातळीवर खुले असतात.

'गावातली' या शब्दाचा अर्थ एसटीडी कोडवरून ठरतो, जिल्ह्यावरून नाही. लातूरचा कोड ०२३८२ आणि उदगीरचा ०२३८५, म्हणून लातूरच्या तिसऱ्या पातळीच्या फोनवरून उदगीरची लँडलाइन लागणार नाही. छत्रपती संभाजीनगर (०२४०) आणि जालना (०२४८२) यांचंही तसंच आहे. अशी गावं रोजची असतील तर त्यांचे कोड अपवाद यादीत टाकून घ्या.

यंत्रणा नंबर तपासते तो असा: आधी बंद यादी पाहते, त्यात जुळलं तर अपवाद यादी पाहते, आणि अपवादात सापडलं तर कॉल सोडते. चौथ्या पातळीसाठी बंद यादीत ० आणि अपवादात ०६, ०७, ०८, ०९ टाकतो, कारण मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात. याचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो. विदर्भाचे एसटीडी कोड ०७ ने सुरू होतात (नागपूर ०७१२, अकोला ०७२४), बिदरचा ०८४८२ आणि बेंगळुरूचा ०८०. या लँडलाइन मोबाइलबरोबर आपोआप खुल्या होतात. पुणे ०२०, मुंबई ०२२ आणि हैदराबाद ०४० मात्र बंदच राहतात. नागपूर लागतं आणि पुणं लागत नाही, अशी तक्रार आली तर बिघाड शोधू नका. पुण्याचे ठरावीक नंबर स्पीड डायलमध्ये भरणं हाच त्यावर सोपा उपाय.

ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करतानाही नेहमी ० आणि एसटीडी कोड लावावा, अशी शिफारस केली आहे. तुमच्या लाइनवर तशी सूचना आली की तिसऱ्या पातळीच्या याद्या बदलाव्या लागतील. तेव्हा आम्हाला फोन करा.

सिमकार्डचा बॉक्स जोडला असेल तर

बऱ्याच ऑफिसांत एक लँडलाइन आणि एक जीएसएम बॉक्स असतो. सिमवरून मोबाइल लावायला शून्य लागत नाही, नंबर थेट ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो. म्हणजे फक्त '० बंद' ही यादी या लाइनवर काहीच अडवत नाही. जीएसएम लाइनच्या गटाला वेगळी बंद यादी हवी आणि तिच्यात ०, ६, ७, ८, ९ हे सगळे आकडे हवेत. दुसऱ्या कोणी बसवलेल्या यंत्रणा तपासताना ही फट आम्हाला वारंवार दिसते.

स्पीड डायल भरण्याची पद्धत

स्पीड डायल दोन प्रकारचा. पर्सनल म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनपुरता. तो त्या फोनच्या लॉकमध्येच चालतो. कॉमन म्हणजे सगळ्या फोनसाठी एकच यादी, आणि लॉक ओलांडणारा हाच. तो फक्त प्रोग्रॅमिंगच्या एक्स्टेंशनवरून, बहुधा ऑपरेटरच्या की-फोनवरून (जादा बटणांच्या फोनवरून), भरता येतो. मॉडेलप्रमाणे कोड वेगळे असतात. तुमच्या मॉडेलचे कोड बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कार्डावर लिहिलेले आहेत.

१. रिसीव्हर उचला, प्रोग्रॅमिंगचा कोड आणि पासवर्ड टाका. लांब टोन आला की आत शिरलात. तुटक, घाईचा टोन आला तर पासवर्ड चुकला. रिसीव्हर ठेवून पुन्हा सुरुवात करा.

२. कॉमन स्पीड डायलचा कोड आणि जागेचा क्रमांक टाका, उदाहरणार्थ १२.

३. नंबर भरा. मोबाइल असेल तर लाइनचा ०, मग पॉज (क्षणभर थांबण्याची खूण), मग मोबाइलचा ०, मग दहा आकडे. आकडे बारा आणि मध्ये एक पॉज. काही मॉडेल लाइनचा ० स्वतःच लावतात. तसं मॉडेल असेल तर कार्डावर स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तिथे पहिला ० व पॉज भरायचा नाही.

४. साठवा, लांब टोन ऐका, आणि त्याच क्षणी एखाद्या लॉक असलेल्या फोनवरून तो क्रमांक लावून पाहा.

पॉज विसरू नका. लाइन घेतल्यावर डायलटोन यायला क्षणभर लागतो. फायबरच्या मोडेममधून येणाऱ्या लाइनवर कधी कधी थोडा जास्तच. पॉज नसेल तर यंत्रणा टोन यायच्या आत आकडे सोडते आणि पहिला आकडा गिळला जातो. तो पहिला आकडा म्हणजे नेमका मोबाइलचा शून्य. हाताने लावला तर लागतो, स्पीड डायलने लागत नाही, कधी लागतो कधी नाही, ही सगळी लक्षणं पॉजची. दीड ते तीन सेकंदांचा एक पॉज बहुधा पुरतो, नाहीतर दोन टाका.

कॉमन यादीत अर्धवट नंबर कधीही साठवू नका. सोय म्हणून कोणी जागा ३० वर नुसतं '०, पॉज, ०२२' भरतं, पुढचे आकडे हाताने लावायचे म्हणून. पण कॉमन स्पीड डायल लॉक ओलांडतो, त्यामुळे गेटवरच्या फोनवरूनही सगळी मुंबई खुली होते. नंबर पूर्णच भरा. बँकेचा पिन किंवा ग्राहक क्रमांक नंबरच्या पुढे जोडून ठेवू नका, डिस्प्लेच्या फोनवर तो कुणालाही दिसतो.

जागा भरताना गट पाडा आणि मध्ये रिकाम्या जागा सोडा. आडतीच्या दुकानात आम्ही ०० ते ०९ घरचे आणि भागीदार, १० ते ३९ खरेदीदार आणि दालमिल, ४० ते ५९ ट्रान्सपोर्ट आणि हमाल मुकादम, ६० ते ६९ बँक आणि सीए, ७० ते ७९ दुरुस्तीवाले, असं करून देतो. महावितरणचा १९१२ ही यादीत घाला. यादी छापून प्रत्येक फोनजवळ चिकटवा, नाहीतर महिनाभरात सगळे पुन्हा मोबाइलमध्ये नंबर शोधू लागतात.

११२ आणि तुमचे एक्स्टेंशन नंबर

एक्स्टेंशनला १०१, १०२, ११२ असे नंबर देऊ नका. आग लागल्यावर घाबरलेला माणूस आधी शून्य दाबत बसणार नाही. तो थेट १०१ दाबेल आणि फोन वाजेल अकाउंट्समध्ये. आतले नंबर २०१ पासून सुरू करा आणि ११२, १००, १०१, १०८ शून्याशिवाय थेट बाहेर जातील असं करून घ्या. जुन्या ग्राहकांचे नंबर बदलून देण्याचं काम आम्ही आनंदाने करतो. चाचणी म्हणून ११२ ला फोन मात्र करू नका. सेटिंगची यादी छापून घ्या आणि दोघांनी मिळून वाचा.

लॉक कुठून निसटतं

कॉल फॉरवर्ड: लॉक असलेल्या फोनवरून बाहेरच्या मोबाइलवर फॉरवर्ड लावता येत असेल तर लॉकला अर्थ नाही. शिवाय बाहेरचा कॉल बाहेर फॉरवर्ड झाला की दोन्ही लाइन एकदम अडकतात. ही सोय ज्यांना खरंच हवी त्यांनाच द्या.

आलेला कॉल: समोरच्याने फोन ठेवला, आपल्या माणसाने रिसीव्हर कानालाच धरून ठेवला, तर काही लाइनवर पुन्हा डायलटोन येतो आणि त्यावरून कुठेही फोन लावता येतो. 'इनकमिंगवर डायल बंद' ही सेटिंग चालू हवी.

ट्रान्सफर: ऑपरेटरने लाइन घेऊन नुसता डायलटोन दुसऱ्याला दिला, तर काही यंत्रणा ऑपरेटरची पातळी धरतात.

बॉक्सच्या आधी जोडलेला समांतर फोन: तो यंत्रणेत येतच नाही, त्याला कुठलंच लॉक लागत नाही.

बाहेरून फोन करून आतली लाइन वापरण्याची सोय, म्हणजे डिसा: लागत नसेल तर बंद ठेवा. आयएसडीची बरीचशी फसवणूक याच वाटेने होते. फॅक्टरीतून येणारा १२३४ सारखा पासवर्ड आम्ही बसवतानाच बदलतो. नवा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून मालकाकडे देतो, ऑपरेटरच्या काचेखाली ठेवायला नाही.

कोड टाकून कॉल करण्याची पद्धत असेल तर प्रत्येकाचा कोड वेगळा असावा आणि तो त्याचा एक्स्टेंशन नंबर नसावा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा कोड काढा.

रात्रीचं लॉक दुपारी लागलं तर

रात्रीचं लॉक बॉक्समधल्या घड्याळावर चालतं. आतला बटण-सेल संपला असेल आणि लाइट गेली, तर घड्याळ मागे जातं आणि भर दुपारी सगळे फोन रात्रीच्या लॉकमध्ये जातात. आधी डिस्प्लेवरची तारीख-वेळ पाहा. वेळ दुरुस्त करूनही लाइट गेल्यावर पुन्हा चुकत असेल तर सेल बदलायला आम्हाला बोलवा. बॉक्स स्वतः उघडू नका.

तांब्याच्या तारेच्या जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून मिळते, म्हणून लाइट गेल्यावर बॉक्स बंद झाला तरी ठरावीक एका एक्स्टेंशनवर लाइन थेट जोडली जाते. त्या वेळी त्या फोनवर कोणतंही लॉक नसतं, म्हणून हा फोन जबाबदार माणसाच्या टेबलावर ठेवा. फायबरच्या लाइनवर मोडेमच बंद पडला की हेही चालत नाही. तिथे मोडेम आणि बॉक्स दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

आम्हाला बोलावण्यापूर्वी

कोणत्या एक्स्टेंशनवरून, कोणता नंबर, किती वाजता लावला आणि काय ऐकू आलं (तुटक टोन, सूचना की शांतता), एवढं लिहून ठेवा. तुटक टोन लगेच आला तर आमच्या बॉक्सने अडवलं आहे. बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला तर कॉल बॉक्समधून बाहेर गेला आणि एक्स्चेंजने नाकारला. या एका गोष्टीवरून निम्मं काम फोनवरच होतं.